पत्र पाठवले म्हणजे पोहोचले काय?



आपल्यापैकी जे रेल्वे वसाहतीत लहानाचे मोठे झाले, त्यांना कॉलबॉय आठवत असेल. रात्री दोन वाजता सायकल भिंतीला टेकवून तो दाराची कडी वाजवी. हातात बॅटरी, बगलेत कॉल बुक. ड्रायव्हर उठे, दिवा लावी, कोणती गाडी आणि किती वाजता हे वाचून पाही आणि वेळ टाकून सही करी. सही झाल्याशिवाय कॉलबॉय दारातून हलत नसे. सही नाही तर कॉल नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. टपाल खात्यातील बांधवांना तर हे सांगायलाच नको. पत्र पेटीत पडले म्हणजे ते पोहोचले असे कोणताही पोस्टमन म्हणणार नाही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, पण पोहोच म्हणजे काय हे त्या पावतीने देशाला शिकवले.

आज कॉलबॉय गेला. क्रू मॅनेजमेंट सिस्टिमचा संदेश फोनवर येतो. पास, रजा, प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब हे सारे २०२० सालापासून एचआरएमएसवर आले. कार्यालयांतून पत्रे ई-मेलने निघतात आणि बैठका, प्रशिक्षण, तपासणीच्या तारखा संगणकावरील कॅलेंडरमध्ये टाकल्या जातात. ही पत्रे आणि या तारखा तुमच्या स्वतःच्या फोनवर घ्या, असे आता साहेबलोक सांगू लागले आहेत. लेखी आदेश क्वचितच असतो. "जोडून घ्या, तुमचीच सोय आहे," एवढेच तोंडी सांगतात.

सोय आहे हे आम्ही नाकारत नाही. एका पासासाठी पर्सोनेल शाखेच्या खिडकीवर अर्धा दिवस घालवलेली माणसे आम्ही. ते दिवस परत यावेत असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पण सोयीच्या नावाखाली जबाबदारी हळूच कोणाच्या खांद्यावर सरकली, हे पाहण्याची वेळ आली आहे.

आमच्या शाखेत घडलेली एक गोष्ट सांगतो. सिग्नल खात्यातील एका टेक्निशियनचे रिफ्रेशर प्रशिक्षण बुधवारी सुरू व्हायचे होते. शनिवारी संध्याकाळी ती तारीख बदलून सोमवार झाली. कार्यालयाने ई-मेल टाकला, कॅलेंडरमध्ये तारीख बदलली आणि काम झाले असे मानले. इकडे या भावाने शुक्रवारीच कार्यालयातील संगणकावर नियमाप्रमाणे मेलचा पासवर्ड बदलला होता. फोनमध्ये मात्र जुनाच पासवर्ड राहिला. त्यामुळे शुक्रवारपासून फोनवर एकही नवे पत्र उतरले नाही. जुनी पत्रे मात्र जागच्या जागी दिसत होती, कॅलेंडरमध्ये बुधवारच दिसत होता. रविवारी साप्ताहिक विश्रांती. सोमवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे डेपोत येऊन कामाला लागला, आणि प्रशिक्षण केंद्रात त्याची गैरहजेरी लागली. आठवड्याभरात हातात एसएफ-११.

सुनावणीला आम्ही त्याच्याबरोबर गेलो. साहेबांचे म्हणणे एकच, "आम्ही पाठवले होते." आम्ही विचारले, "त्याला मिळाले याचा पुरावा काय?" ते म्हणाले, "संगणकावर नोंद आहे." नोंद होती ती पाठवल्याची. अखेर डेपोतील हजेरीपटावरील सही कामी आली. माणूस घरी बसला नव्हता, कामावर होता, हे सिद्ध झाले आणि चार्जशीट मागे घेण्यात आली. पण त्यात दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत त्याच्या घरात काय वातावरण होते ते आम्ही पाहिले आहे.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. मेल तुमच्या फोनमध्ये राहत नाही. तो कार्यालयाच्या सर्व्हरवर असतो आणि फोन ठराविक वेळाने तिकडे जाऊन नक्कल घेऊन येतो. कॅलेंडरचेही तसेच. नेट नसेल, पासवर्ड बदलला असेल, बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ते काम थांबवले असेल, किंवा फोनमधली जागा संपली असेल, तर नक्कल जुनीच राहते. फोन ओरडून सांगत नाही. कोपऱ्यात कुठेतरी बारीक अक्षरात सूचना येते, तीही बहुतेक इंग्रजीत. बोगद्यात, घाटात, गावाकडच्या घरी, जिथे रेंज नाही तिथे आमचा माणूस समजतो की काही नवीन नाही. आणि कार्यालय समजते की त्याला सर्व ठाऊक आहे. दोघेही प्रामाणिक असतात, पण शिक्षा एकालाच होते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण येथेच खरी मेख आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम १३ प्रमाणे, घेणाऱ्याने एखादा ई-मेल पत्ता नेमून दिला असेल तर पत्र त्या पेटीत शिरले त्या क्षणी ते मिळाले असे धरले जाते. तुम्ही पाहिले की नाही, झोपला होता की लग्नात होता, हा प्रश्न येत नाही. नेमलेला पत्ता सोडून दुसऱ्याच पत्त्यावर पाठवले, तर मात्र तुम्ही ते उघडून घ्याल तेव्हा ते मिळाले असे धरतात. आणि पत्ता नेमलाच नसेल, तर तुमच्या यंत्रणेत शिरताच ते मिळाले. म्हणजे आमच्या त्या टेक्निशियनच्या बाबतीत केवळ कायद्यावर बोट ठेवून भांडलो असतो तर आम्ही हरलो असतो. कुठल्याही फॉर्मवर घाईघाईने आपला खाजगी ई-मेल पत्ता लिहून देणारांनी याचा विचार करावा.

परंतु त्याच कायद्यात आपल्यासाठी दोन दारे उघडी आहेत. एक, हे सर्व "उभय पक्षांत वेगळे ठरले नसेल तर" लागू आहे. दुसरे, कलम १२ प्रमाणे पाठवणाऱ्याने "पोहोच मिळाल्यावरच हे बंधनकारक" असे ठरवले असेल, तर पोहोच येईपर्यंत ते पत्र पाठवलेच नाही असे मानले जाते. म्हणजे कॉल बुकावरची ती सही कायद्याला आजही मान्य आहे. ती मागून घ्यायची आहे. खुद्द रेल्वेच्या शिस्त व अपील नियम, १९६८ मध्ये नोटीस समक्ष द्यावी अथवा रजिस्टर पोस्टाने पाठवावी, अशीच रीत घालून दिली होती. ज्या कागदाने माणसाचे नुकसान होऊ शकते तो त्याच्या हातात पडला पाहिजे, हे तत्त्व जुनेच आहे.

दुसरा प्रश्न विश्रांतीचा. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३३ प्रमाणे सततच्या कामावरील रेल्वे कर्मचाऱ्याला आठवड्यातून किमान तीस तास सलग विश्रांती मिळाली पाहिजे. सलग हा शब्द कायद्यातला आहे, आमचा नाही. त्या तीस तासांत चार वेळा फोन वाजला, दोन पत्रांना उत्तर द्यावे लागले, एक तारीख तपासावी लागली, तर ती विश्रांती सलग राहिली काय? लोको पायलटला तर गाडी चालवताना मोबाईल बंद ठेवण्याचे आदेश आहेत, आणि ते योग्यच आहेत. हजार-दीड हजार प्रवाशांचा जीव त्याच्या हातात असतो. पण तोच माणूस पुरेशी झोप घेऊन इंजिनावर यावा म्हणून घरी त्याचा फोन शांत असावा, ही काळजी कोणी घ्यायची? ग्रामीण डाक सेवकाचे काम तर कागदावर चार किंवा पाच तासांचे. ग्रुपवर येणारे उद्दिष्टांचे आकडे, खाती उघडण्याची आठवण, रात्रीचे अहवाल हे कोणत्या तासात धरायचे?

आठवड्याची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. हेच लोखंडे गिरणीत जाण्यापूर्वी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरीला होते, हे आपल्या दोन्ही खात्यांच्या कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी मिळवलेला रविवार आपण फोनच्या एका बटणाने परत करणार काय?

इतर देशांत यावर कायदे झाले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना या विषयावर युनियनशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरचा संदेश न पाहण्याचा व उत्तर न देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. नकार अवाजवी असेल तेवढाच अपवाद. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये असे विधेयक लोकसभेत मांडले. पण ते खाजगी विधेयक आहे, आणि १९७० नंतर एकही खाजगी विधेयक कायदा झालेले नाही. तेव्हा संसदेकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. पीएनएमच्या टेबलावर जे मिळेल ते आधी घेऊ.

तिसरा प्रश्न फोन कोणाचा हा. काही मेल सेवा फोनमध्ये जोडताना एक परवानगी मागतात, आणि आपण न वाचता "होय" दाबतो. ती अशी असू शकते की, प्रशासक गरज पडल्यास या फोनमधील सर्व माहिती दूरवरून पुसू शकतो. सर्व म्हणजे मुलीच्या लग्नाचे फोटोही. कॅलेंडरचेही तसेच. घरचे आणि कार्यालयाचे एकत्र केले तर आपण कधी मोकळे, कधी दवाखान्यात, हे सहकाऱ्यांना आणि साहेबांना दिसू शकते. शिवाय हँडसेट आमचा, रिचार्ज आमचा. काम खात्याचे तर साधन खात्याचे, हे तत्त्व दोन्ही खात्यांना ठाऊक आहे. रेल्वेने सीयूजी सिम दिले, टपाल खात्याने दर्पण योजनेत शाखा डाकघरांना यंत्रे दिली. मग येथेच हात आखडता का?

थोडे आपल्या घरातही पाहू. आमच्या युनियनच्या ग्रुपवर रात्री बारा वाजता सभेची सूचना टाकणारे आम्हीच. एका साथीच्या पत्नीने आम्हाला सुनावले, "साहेब झोपू देतात, तुम्ही देत नाही." त्या बोलण्यात तथ्य होते. तेव्हापासून आमच्या शाखेत रात्री नऊनंतर अपघात किंवा मृत्यूखेरीज निरोप टाकायचा नाही असे ठरले. जी शिस्त प्रशासनाकडे मागायची ती आधी आपण पाळली पाहिजे.

शाखांनी येत्या बैठकीत पुढील मागण्या लेखी द्याव्यात असे आम्हाला वाटते.

एक, स्वतःच्या फोनवर कार्यालयाचा मेल व कॅलेंडर जोडणे ऐच्छिक असावे. न जोडणाऱ्यावर कोणताही ठपका नको.
दोन, ड्यूटी, प्रशिक्षण, बदली आणि शिस्तभंगाविषयीचे पत्र कर्मचाऱ्याने पोहोच दिल्यावरच बंधनकारक मानावे. पोहोच न आल्यास सुपरवायझरने समक्ष सही घ्यावी.
तीन, विश्रांतीच्या काळात आलेले पत्र पुढील ड्यूटीच्या सुरुवातीला मिळाले असे धरावे. गाडीचा कॉल आणि अपघात हे अपवाद ठरवून लिहावेत.
चार, ज्यांना फोनवर हे काम करणे भाग आहे त्यांना खात्याचे साधन अथवा खर्चाची भरपाई मिळावी, आणि खाजगी फोन पुसण्याचा अधिकार प्रशासनाने घेऊ नये.
पाच, सूचना मराठी, हिंदी व स्थानिक भाषेत असाव्यात. इटारसीपासून सिकंदराबादपर्यंत आपली मराठी माणसे इतर भाषिक साथींबरोबर काम करतात. ही मागणी सर्वांची आहे.

तोपर्यंत प्रत्येकाने आपल्यापुरते एवढे करावे. खाजगी पत्ता देऊ नका, कार्यालयाने दिलेलाच पत्ता लेखी नेमा. परवानगी वाचल्याशिवाय मान्य करू नका. वाचता येत नसेल तर शाखेत या, तरुण साथी समजावतील. कार्यालयाचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवा. पासवर्ड बदलला की फोनमध्येही त्याच दिवशी बदला, आणि शेवटची नक्कल केव्हा उतरली ती वेळ पाहण्याची सवय लावा. तारीख बदलल्याचे तोंडी कळले तरी सुपरवायझरकडून लेखी घ्या. निवृत्ती किंवा बदलीपूर्वी आपल्या हिशेबाचे कागद उतरवून ठेवा. खाते बंद झाल्यावर ते मिळवताना चपला झिजतात.

यंत्राशी आमचे भांडण नाही. वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले, वीज आली. तार २०१३ साली बंद झाली. प्रत्येक वेळी आम्ही नवे काम शिकलो. आमचे म्हणणे एवढेच की, कॉल बुकात दोन रकाने होते, कॉल दिल्याची वेळ आणि घेणाऱ्याची सही. नव्या यंत्रात पहिला रकाना राहिला आणि दुसरा गळाला. तो दुसरा रकाना आम्हाला परत हवा आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!