पुन्हा मत द्या म्हणे!

आयर्लंडच्या मतदारांनी १२ जून २००८ रोजी युरोपीय संघाचा लिस्बन करार ५३.४ टक्के मतांनी धुडकावला. त्याला महिना उलटतो न उलटतो तोच फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी फर्मावले, आयरिश लोकांना पुन्हा मतदान करावे लागेल! का हो? कौल 'होय' आला असता, तर पुन्हा विचारले असते?

हा पंतोजीपणा करणाऱ्यांनी आधी आपले घर पाहावे. २००५ साली युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फ्रेंच जनतेनेच फेटाळला, तीन दिवसांनी डच जनतेनेही. त्याच मसुद्याला नवा अंगरखा चढवून लिस्बन करार उभा केला. मूळ मसुद्याचे कारभारी जिस्कार देस्तँ यांनी तर सांगूनच टाकले की हत्यारे तीच आहेत, पेटीतली मांडणी तेवढी बदलली. २००८ साली फ्रेंच जनतेला विचारण्याची भानगडच नको म्हणून काम संसदेत उरकले. ब्रिटनच्या मजूर पक्षाने त्या राज्यघटनेवर जनमत घेण्याचे वचन दिले होते. नाव बदलताच वचनही गिळले, आणि ५ मार्च २००८ला लोकसभागृहाने सार्वमताची मागणी ३११ विरुद्ध २४८ मतांनी फेटाळली. सत्तावीस देशांत विचारले ते एकट्या आयरिश माणसाला, तेही आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७च्या निकालाने सरकारचे हात बांधले म्हणून.

आणि विचारले कधी? आयर्लंडच्या खेड्यापाड्यात घर उबदार राहते ते परसातल्या रॉकेलच्या टाकीवर, नाहीतर दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विटांवर. मतदानाआधीपासूनच चढत आलेले खनिज तेल ११ जुलै २००८ला पिंपाला १४७ डॉलरवर गेले, वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. टाकी भरायची की अर्धीच, हा हिशेब बाई चुलीपाशी बसून करत होती आणि सरकार त्याच रॉकेलवर साडेतेरा टक्के कर घेत होते. भाव चढला की तिजोरीचा वाटा आपोआप चढतो, त्यासाठी कोणाची संमती लागत नाही! प्रचारात मात्र खांबाखांबावर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. वास्तविक या करारात ऊर्जेचे स्वतंत्र कलम आहे, टंचाईत एकमेकांना आधार देण्याची भाषा आहे. त्याने तिच्या टाकीत काय पडणार, एवढे तरी कोणी दारात येऊन सांगितले का?

सांगणार कसे? आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान ब्रायन कॉवेन यांनी करार अथपासून इतिपर्यंत वाचलेला नव्हता, हे त्यांनीच कबूल केले. तत्कालीन युरोपीय आयुक्त चार्ली मॅक्रीव्ही यांनी तर कळस केला: शहाणासुरता माणूस तो वाचणारच नाही म्हणे! मग न वाचता सही करणारा शहाणा आणि न समजलेल्या कागदावर अंगठा नाकारणारा अडाणी? गावच्या सावकाराच्या ओसरीवर हे तर्कशास्त्र आमच्या आजोबांनी पुरेपूर भोगले आहे.

कराराचे विरोधकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पोरांना सक्तीने युरोपच्या फौजेत नेतील, ही आवई शुद्ध खोटी होती. पण कराराच्या बाजूने सत्ताधारी आणि प्रमुख विरोधी पक्ष एका मांडवात, सोबत मालकवर्ग, तरी खोटे खोडता येत नसेल, तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे.

२१ जुलै २००८ला सार्कोझी डब्लिनला आले. कॉवेन यांनी मेजवानीआधी पाहुण्यांना एखाद्या म्हातारीच्या परसात न्यायला हवे होते आणि तिथल्या टाकीवर बोटाने टकटक करून दाखवायला हवे होते. आवाज पोकळ आला असता.