शीत प्रदेशांतील जलप्रवास आणि आपलीं वस्त्रें

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत नोकरीस आहे आणि आईबाप उन्हाळ्यांत चार महिने तिकडे राहावयास निघाले आहेत, ही गोष्ट आपल्या मध्यम स्थितीच्या घरांतूनहि आतां नवलाची राहिलेली नाहीं. तिकडे गेल्यावर मुलें हौसेनें आईबापांस अलास्काच्या जलप्रवासास नेतात. हल्लीं यास क्रूझ म्हणतात. सिअ‍ॅटल किंवा व्हँकूव्हर बंदरांतून जहाज सुटतें, प्रवास बहुधा सात रात्रींचा असतो, आणि केचिकन, जुनो, स्कॅगवे हीं गांवें पाहून ग्लेशियर बे येथील हिमनद्यांचें दर्शन घडतें. तिकिटें मुलगा काढतो. बॅग कशी भरावी, हा प्रश्न मात्र इकडे घरांत उभा राहतो.

परत आलेल्या मंडळींच्या तोंडून एक गोष्ट आम्हीं एकाहून अधिक वेळां ऐकली आहे. हिमनदी समोर आली, नातवंडें वरच्या डेकवर धांवलीं, आणि आजी मात्र खोलींत पांघरूण घेऊन बसून राहिल्या. कोणास थंडी सोसली नाहीं. कोणास परकी विजार घालून चारचौघांत जाण्याचा संकोच वाटला. मुलानें केलेला खर्च व आईनें केलेला एवढा लांबचा प्रवास खोलीच्या खिडकीशीं येऊन थांबला. कपड्यांचा विचार करावयाचा तो एवढ्यासाठीं.

प्रथम हवा कशी असते तें पाहूं. जून ते ऑगस्ट या काळांत जुनो येथें दुपारचें उष्णमान सामान्यतः १६ ते १८ अंश सेल्सियस असतें व पहाटे तें १० अंशांच्या आसपास उतरतें. हा आंकडा भिण्यासारखा नाहीं. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि ओलाव्याचा. हिमनदीवरून गार, जड हवा खालीं समुद्राकडे वाहत असते. त्यांत जहाजाच्या गतीचा वारा मिळतो. केचिकन येथें तर वर्षाकाठीं साडेतीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्या आषाढासारखा तो कोसळत नाहीं. बहुधा भुरभुर लागून राहते आणि अंगावरचें वस्त्र नकळत ओलें होतें. मागांच्या या भिवंडी गांवांत राहून सुताची निंदा करणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु सूत घाम व पाणी पिऊन घेतें आणि लवकर वाळत नाहीं. वैशाखांत जो त्याचा गुण, तोच तेथें दोष ठरतो. लोकर दमट झाली तरी ऊब सोडीत नाहीं.

संस्कृतांत 'वस्' या उच्चाराचे दोन धातु आहेत. एकाचा अर्थ आच्छादणें, दुसऱ्याचा राहणें. पहिल्यावरून वस्त्र, दुसऱ्यावरून वसति. थंड मुलखांत हे दोन अर्थ एकत्र येतात. वस्त्र हें अंगाबरोबर चालणारें घर होतें. या घरास तीन थर लागतात. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, ज्यास थर्मल म्हणतात तो, त्यावर स्वेटर, आणि सर्वांवर वारा व पाऊस अडविणारें, टोपी जोडलेलें हलकें जाकीट. ऊब राहते ती थरांमध्यें कोंडलेल्या हवेमुळें. म्हणून एका जड ओव्हरकोटापेक्षां तीन हलके थर बरे. शिवाय जहाजाच्या आंत उबदार असतें, तेथें येतांच एकेक थर उतरवितां येतो.

आतां स्त्रियांच्या पोशाखाविषयीं. साडी सोडावीच लागते, असें मुळींच नाहीं. नऊवारीच्या काष्ट्यांत पोटरी उघडी राहते व सहावारीच्या परकराखालून वारा शिरतो, एवढीच अडचण आहे. आंत घोट्यापर्यंत थर्मलची विजार व लोकरी पायमोजे घातले म्हणजे ती मिटते. डेकवर जातांना निऱ्या चार बोटें वर खोंचाव्या, म्हणजे ओल्या फळ्यांवर कांठ भिजत नाहींत. पदर वाऱ्यानें उडूं नये म्हणून जाकिटाच्या आंत घ्यावा. पोलकें पूर्ण बाह्यांचें असावें. ज्यांना सलवार-कमीज किंवा विजारीची सवय आहे त्यांनीं ती खुशाल घालावी. बंदरावरील चढउतारास ती सोयीचीच पडते.

हा तिढा आजचा नाहीं. आमच्या खाडीपलीकडील कल्याण हें ज्यांचें माहेर, त्या डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या व जून महिन्यांत न्यूयॉर्कास पोहोंचल्या. तेव्हां समुद्रगमन हाच दोष मानला जाई. आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील जाहीर भाषणांत सांगितलें होतें. अमेरिकेंत राहूं लागल्यावर नऊवारीनें पोटऱ्या झांकत नाहींत, ही अडचण त्यांच्यापुढेंहि आली, आणि त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. साडी राहिली, नेसण्याची रीत बदलली. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच, क्षयानें त्यांचा पुण्यास अंत झाला. अठराव्या वर्षीं घरचें कोणी जवळ नसतां ज्यांनीं असा मार्ग काढला, त्यांच्यानंतर १४० हून अधिक वर्षांनीं आपल्या घरांतील आईनें विजारीच्या संकोचानें खोलींत बसावें, किंवा मुलांनीं तिला साडीवरून लाजवावें, हीं दोन्हीं आम्हांस बरीं वाटत नाहींत.

पुरुषांस अडचण कमी. धोतर नेसणाऱ्यांनीं तें खोलींत नेसावें व बाहेर जाड विजार घालावी. बनियन मात्र सुती नको. स्नानसंध्या करणाऱ्यांनीं सुती पंचा न नेतां कद व धाबळी न्यावी. आपल्या वाडवडिलांनीं रेशीम व लोकर हीं दोन्हीं सोवळ्यांत चालविलीं आहेत, आणि नेमकीं तींच तेथें ऊब देतात.

सात रात्रींच्या प्रवासास माणसामागें थर्मलचे दोन जोड, एक स्वेटर, एक जाकीट, लोकरी पायमोजांचे चार जोड, हातमोजे, कानटोपी व मफलर एवढें पुरें. रोजच्या साड्या तीन, त्याहि लवकर वाळणाऱ्या. पुष्कळ जहाजांवर एखादे रात्रीं भोजनास थाटाचा पोशाख करण्याची चाल असते. तेव्हां एक रेशमी साडी, व पुरुषांस एक बंद गळ्याचा कोट पुरतो. खोलींत स्वतःची इस्त्री बहुधा वापरूं देत नाहींत, म्हणून चुरगळणारें कापड नेऊं नये. छत्रीचा डेकवर उपयोग नाहीं; वारा ती उलटी करतो. बूट बंद व न घसरणाऱ्या तळाचे घ्यावे आणि निघण्याआधीं पंधरा दिवस संध्याकाळच्या फेरीस घालून सैल करून घ्यावे. जुलैच्या आरंभीं जुनोस रात्रीं दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. झोपतांना डोळ्यांवर बांधण्यास एक काळा रुमाल उपयोगी पडतो. थर्मलचा एक जोड, स्वेटर व जाकीट हातांतील पिशवींत ठेवावें. विमानप्रवासांत मोठी बॅग कधीं कधीं माणसामागून येते.

एक परीक्षा घरींच घ्यावी. निघण्यापूर्वीं एखाद्या पहाटे सर्व थर एकदम घालून पाहावे. हात डोक्यावर जातो काय, खालीं बसून उठतां येतें काय, बुटाची नाडी स्वतः बांधतां येते काय, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या मदतीवांचून सर्व उतरवून पुन्हां चढवितां येतें काय, तें पाहावें. सांधे धरलेल्या माणसास बारीक गुंड्या लावतां येत नाहींत. त्यास मोठी चेन बरी. वृद्ध मनुष्य थंडीपेक्षां परावलंबनास अधिक भितो. शौचास जातांना प्रत्येक वेळीं सुनेस हांक मारावी लागेल, या भयानेंच कित्येक जण खोलीबाहेर पडत नाहींत, आणि हें कारण ते कोणास सांगतहि नाहींत.

म्हणून मुलांस आमचें सांगणें असें कीं, तिकडच्या दुकानांतून आईसाठीं जाकीट आणून तिच्या हातीं ठेवण्यापेक्षां तिलाच दुकानांत न्यावें. तें एक माप मोठें घ्यावें. पदर व स्वेटर दोन्हीं त्यांत मावलीं पाहिजेत. आणि पैसे देण्यापूर्वीं त्याची चेन तिची तिला लावतां येते काय, एवढें पाहून घ्यावें.