पंगत आणि पत्र



धर्मापुरीला लोक येतात केदारेश्वराचं देऊळ बघायला. दगडातली नक्षी बघतात नि जातात. वस्तीकडं कोण वळत नाही. तेव्हा वस्तीतलं आपणच बोललं पाहिजे.

गेल्या जयंतीला नोकरीवाले आधी जेवले, मंडपात, खुर्चीवर. ऊस तोडून परतलेले मागून, खाली मातीत. तोवर भाजी संपलेली. ज्या बायांनी रांधलं त्यांच्या वाट्याला खरवड. आणि मग समतेवर भाषण! मी विचारलं तर म्हणाले, घरातलं चव्हाट्यावर कशाला?

आता ऐका. इ. स. ५५ च्या सुमारास पौलानं इफिसहून करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र धाडलं. तिथंही प्रभुभोजनाला हाच धंदा. खात्यापित्या घरचे आधी रिचवायचे, पिऊन तर्र व्हायचे. ज्यांच्याकडं काही नाही ते उपाशी. पौलानं लिहिलं, हे प्रभूचं जेवणच नव्हे. अशी पत्रं खिशात ठेवायला नसायची, भरल्या मंडळीत मोठ्यानं वाचायची असत. ज्यांची लाज निघायची ते समोरच बसलेले!

पेत्र तर येशूचा खास शिष्य. अंत्युखियात तो बिगरयहुद्यांसोबत जेवायचा. यरुशलेमचे कर्मठ आले तसा उठून वेगळा झाला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत झापलं, वर गलतीकरांना पत्रानं कळवलंही. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण म्हणून पौलाला डोक्यावर घेऊ नका. करिंथच्या पोटभरूंना त्यानं शेवटी सांगितलं काय? एकमेकांसाठी थांबा, भूक असली तर घरी खा. म्हणजे घरची चूल जशीच्या तशी. अनेसिम नावाचा गुलाम त्यानं फिलेमोन मालकाकडं परत धाडला, भाऊ समज अशी चिठ्ठी देऊन. सगळं मालकाच्या मर्जीवर. १९ व्या शतकात अमेरिकेतले गुलामवाले हीच चिठ्ठी नाचवत होते.

आपल्याकडचं पत्र बघा. ३ मार्च १९३४. काळारामाचा सत्याग्रह १९३० पासूनचा. बाबासाहेब भाऊराव गायकवाडांना लिहितात: थांबवा. आपली माणसं मूर्तिपूजक व्हावीत म्हणून हे सुरू केलं नव्हतं, त्यांना आपली स्थिती कळावी म्हणून केलं होतं. आता ताकद राजकारणात नि शिक्षणात घाला. लढा स्वतःचा, कार्यकर्ता जिवाभावाचा, तरी लिहिलं. गायकवाड शेवटपर्यंत सोबत राहिले.

आणि आपण? १९७४ ला पँथर फुटली तेव्हा एकमेकांना वर्तमानपत्रातून बडवलं. आता मोबाइलवर बडवतो. वाचून हसणारे दुसरेच.

वर्षावास संपताना भिक्खू संघापुढं म्हणतो: माझी चूक पाहिली असेल, ऐकली असेल, नुसता संशय असेल, तरी सांगा. ही पवारणा. आपण त्या पौर्णिमेला खीर वाटतो आणि कमिटीला हिशेब विचारला की कपाळाला आठ्या!

मी कमिटीला पत्र लिहिलंय. वर्गणीचा हिशेब, पंगतीचा क्रम, बायांचं जेवण. येत्या अश्विन पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर वाचणार. ज्याला उठून जायचं त्यानं जावं. त्यात एक कलम माझ्यावरही आहे. त्या दिवशी पहिल्या पंगतीला, खुर्चीवर, मीही बसलो होतो. विचारलं ते जेवून उठल्यावर.

जय भीम.