उंबऱ्यापाशी अडलेलं पाऊल

निपाणीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. यजमानांना तीन वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर फिजिओथेरपी सांगितली आहे, पण ‘हात थरथरतो, त्याला व्यायाम काय करणार?’ म्हणून ते जायला तयार नाहीत. बाईंचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे. मोरीच्या दारात ते खांबासारखे उभे राहतात, आणि हात धरून पुढं घ्यावं तर तोल जातो. मी काय करू, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी एक करा. हात ओढू नका. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

आमच्या मामंजींना हाच आजार होता. शहापुरात त्यांचं कापडाचं दुकान. सुरुवातीला हात थरथरलाच नाही. खतावणीतलं अक्षर बारीक होत गेलं आणि चालताना डावा हात हलेनासा झाला. आम्ही सगळं वयावर ढकललं. पुढं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, काही वर्षं बरी गेली. मग पाय अडू लागले. अंगणात सरळ चालायचे, पण माजघराच्या उंबऱ्यापाशी आले की तळवे जमिनीला चिकटल्यासारखे. एके सकाळी मुलांचे डबे भरायचे होते, गॅसवर दूध होतं, आणि हे दारात उभे. ‘चला ना मामंजी,’ म्हणत मी हात ओढला. वरचं अंग पुढं आलं, पाय तिथंच राहिले. कपाळाला चार टाके पडले. सासूबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यानंतर घरी येऊ लागली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी. जेमतेम पंचविशीची. मला वाटलं होतं, हातपाय दाबेल, वळवेल आणि जाईल. पण पहिला अर्धा तास तिनं नुसतं बघितलं. मामंजी खुर्चीतून कसे उठतात, कसे वळतात, कुठं अडतात. गोळीच्या वेळा लिहून घेतल्या. मग मला समजावलं. आपण चालताना ‘पाय उचल, पाय टाक’ असं मनाशी म्हणत नाही, मेंदू ते आपोआप करून घेतो. त्यासाठी डोपामिन नावाचं रसायन लागतं, आणि ते तयार करणाऱ्या पेशी या आजारात नष्ट होत जातात. पायात बळ असतं, पण हुकूम अर्धवट पोचतो. मात्र डोळ्यांपुढं खूण असली किंवा कानावर ठेका पडला, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं तेच काम करून घेऊ शकतो.

तिनं उंबऱ्याच्या अलीकडं-पलीकडं फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले, एकेका पावलाच्या अंतरावर. म्हणाली, ‘आजोबा, उंबरा विसरा, पट्टा ओलांडा.’ आणि त्यांनी ओलांडला! ठेक्याचं ऐकून सासूबाईंनी देव्हाऱ्याखालचे टाळ काढले. मामंजी तरुणपणी भजनी मंडळात होते. टाळ वाजू लागले तसं पावली खेळावी तसं पाऊल पडू लागलं. रोजच असं व्हायचं, असं मात्र नाही. गोळीचा अंमल उतरला की पाय टाळाचंही ऐकत नसत. म्हणून गोळी लागू पडलेली असतानाच व्यायाम घ्यायचा, हे तिनं आम्हाला पक्कं सांगितलं होतं.

तेव्हा ताई, यजमान दारात अडले की आधी तुम्ही ‘चला, चला’ थांबवा. घाई केली की पाय आणखी घट्ट होतात. त्यांना ताठ उभं राहू द्या. मग डुलल्यासारखं वजन या पायावरून त्या पायावर, दोनतीनदा. आणि मग मोकळ्या झालेल्या पायानं एकच मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल फिरून यायचं. हातात पाण्याचा तांब्या आणि तोंडानं गप्पा, असं चालणं बंद. खुर्चीतून उठताना कडेला सरकून, पावलं मागं घेऊन, पुढं वाकून उठायचं आणि चालण्याआधी क्षणभर थांबायचं, कारण या आजारात उभं राहताच रक्तदाब उतरू शकतो. मोरीपाशी सरकणारं पायपुसणं असेल तर ते आजच उचला, भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या.

आता यजमानांचं म्हणणं. व्यायामानं थरथर जात नाही, हे त्यांचं खरंच आहे. आजारही बरा होत नाही. पण पडणं कमी होतं. अमेरिकेत ऑरेगनमध्ये १९५ रुग्णांना तीन गटांत विभागून सहा महिने, आठवड्यातून दोनदा वेगवेगळे व्यायाम दिले होते. २०१२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामाच्या गटातले लोक कमी वेळा पडले. आपल्या पुण्यात तर हृषीकेश पवार यांच्या वर्गात पार्किन्सन्सचे रुग्ण नाच शिकले आहेत. यजमानांना नाचाचं लगेच सांगू नका, आमच्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला होता.

आणि पहिल्या भेटीला जाताना गोळ्यांच्या वेळांचा कागद न्या, मोरीच्या दारातलं सगळं जसंच्या तसं सांगा. आम्ही ‘चालताना त्रास होतो’ एवढंच म्हणत राहिलो, आणि दवाखान्याच्या लांब मोकळ्या व्हरांड्यात मामंजी डॉक्टरांना झपझप चालून दाखवायचे.