सातबारा कुणाच्या नावावर?



या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर संघटनेच्या वेबसाइटचा विषय आहे. तो वाचून अनेकांच्या कपाळावर आठ्या चढतील. कापसाचा खर्च निघत नाही, ज्वारी व्यापारी मागेल त्या भावाने जाते, आणि पुढाऱ्यांना हे कसले शहरी खूळ सुचले? राग रास्त आहे. पण नीट पाहा. संघटनेचा शब्द कुणाच्या जागेत ठेवायचा आणि त्या जागेची किल्ली कुणाच्या कमरेला राहणार, असा हा प्रश्न आहे. मालकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. म्हणून हा विषय मोबाईलवाल्या पोरांवर सोपवून चहाला उठून जाऊ नका.

'व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे येते, फेसबुकवर पान आहे, आणखी वेबसाइट कशाला?' असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, खंडाने केलेल्या जमिनीत कुणी विहीर खोदतो काय? दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते तेव्हा, २० डिसेंबर २०२० रोजी, 'किसान एकता मोर्चा'चे फेसबुक पान काही तास गायब झाले. आमच्या यंत्रणेला ते पान संशयास्पद वाटले, असा खुलासा कंपनीने केला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच मोर्चाचे ट्विटर खाते सरकारच्या मागणीवरून भारतात दिसेनासे झाले आणि त्याच दिवशी रात्रीपर्यंत परत आले. त्यांच्यामागे देशभरची ओरड होती. उद्या नांदगाव तालुक्याचे पान बंद पडले तर कोण ओरडणार? ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गुगल प्लस २०१९ साली. मालकाने दुकान आवरले, कुळाला विचारले नाही.

व्हॉट्सअ‍ॅप सोडा असे आम्ही म्हणत नाही. माल पोचवायला गाडी लागतेच. पण गाडीत कुणी धान्याची साठवण करत नाही. २०२५च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी मागितली. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल असा त्या हंगामाचा हमीभाव. आठ टक्क्यांवर ओलावा गेला की कपात, बाराच्या पुढे गेला की माल परत. एवढी माहिती ज्याच्या हाती वेळेवर आली तो केंद्रावर गेला. ज्याला आली नाही त्याने खेडा खरेदीत माल घालवला. गटावर फिरणाऱ्या निरोपाला तारीख नसते, सही नसते. मागच्या सालचा भाव या सालचा म्हणून फिरतो. संघटनेच्या स्वतःच्या जागी, तारीख घालून, जबाबदार माणसाच्या नावाने सूचना लागली पाहिजे. तिचा दुवा मग व्हॉट्सअ‍ॅपच्या गाडीत घालून गावोगाव पाठवा.

आता जागा कशी घ्यायची? वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात. ते वर्षाच्या भाड्याने मिळते आणि नोंदणी कुणाच्या तरी नावे होते. हाच तिचा सातबारा. होते असे की, कुणीतरी अध्यक्षांचा भाचा संगणक जाणतो, तो आपल्या नावाने आणि आपल्या ईमेलवर नोंद करतो. किंवा शहरातली कंपनी 'सगळे आमच्याकडे द्या' म्हणते आणि नाव आपल्या खात्यात ठेवते. भाचा नोकरीला लागतो, कंपनीशी बिलावरून भांडण होते, भाडे थकते, आणि ते नाव तिसराच कुणी उचलून तिथे जुगाराची जाहिरात लावतो. संघटनेत फूट पडली तर विचारूच नका. शेतकरी चळवळीला फुटींचा इतिहास आहे. ज्याच्या हाती पासवर्ड, त्याच्या हाती संघटनेचे तोंड.

उपाय साधा आहे. नोंदणी संस्थेच्या नावे. ईमेल संस्थेचा. किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांकडे, आणि तिसरी बंद पाकिटात खजिनदाराकडे. बँकेच्या खात्याला दोन सह्या लागतात ना, तसेच. नावाचे वर्षाचे भाडे बीटी कापसाच्या एक-दोन पाकिटांइतके पडते. (२०२५ साली पाकीट ९०१ रुपयांना होते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.) ते वर्गणीतून भरावे, कुणा दात्याच्या उपकारावर ठेवू नये.

वेबसाइट कशावर उभी करायची, यालाही बियाण्याचाच नियम लावा. संकरित वाणाला आमचा विरोध नाही. १९६४च्या सीएसएच-१ ज्वारीने आणि १९७०च्या एच-४ कापसाने उत्पादन वाढवले. पण त्याचे बी घरी धरता येत नाही, दर साल दुकान गाठावे लागते. काही कंपन्यांच्या तयार वेबसाइटा तशाच असतात: दिसायला देखण्या, पण आपला मजकूर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेससारखी मोफत प्रणाली सरळ वाणासारखी आहे. सगळा मजकूर बरोबर घेऊन जागा बदलता येते. आणि दर महिन्याला त्याची एक प्रत आपल्याकडे उतरवून ठेवायची. बी धरायचे विसरू नका.

काही तालुक्यांना स्वतंत्र वेबसाइट हवी आहे. आमचा विरोध आहे. पाच वेबसाइटा म्हणजे पाच हमीभाव, पाच तारखा, आणि पाच पुढाऱ्यांचे फेट्यातले फोटो. नाव एकच असावे. त्याखाली प्रत्येक तालुक्याला आपले पान आणि त्या पानापुरती किल्ली. मालेगावने मालेगावचे लिहावे, नाशिकच्या कचेरीची परवानगी मागत बसू नये.

इथे कोरडवाहूवाल्यांनी सावध राहावे. नाशिक जिल्हा म्हटला की जगाला द्राक्षे आणि कांदा दिसतो. वेबसाइट नाशिक शहरात बसून चालवली तर पहिले पान निफाड-दिंडोरीचे भरेल. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कापूस-ज्वारीचा रकाना कोरा राहील. तो कुणाच्या दुष्टाव्याने नव्हे, लिहिणारा तिथे नाही म्हणून राहील. तेव्हा संपादन करणाऱ्या मंडळात कोरडवाहू तालुक्यांचे निम्मे लोक हवेत, आणि त्यांत बाया हव्यात. १९८६ साली चांदवडला हजारोंनी जमलेल्या मायबहिणींच्या जिल्ह्यात हे मागावे लागू नये.

चालवण्याचे नियमही आजच ठरवा. पान हलके असावे, वस्तीवरच्या कमजोर नेटवर्कवर उघडावे. मजकूर युनिकोड मराठीत टाइप केलेला हवा. पत्रकाचा फोटो चिकटवला तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही. सभासदांची नावे, मोबाईल, जमिनीचे तपशील तिथे कदापि ठेवू नयेत. सावकार आणि औषधविक्रे त्याच यादीची वाट पाहत असतात. वर्गणीचा हिशेब मात्र जरूर लावावा.

आणि जुने कागद. १९८०चे नाशिकचे कांदा-ऊस आंदोलन, १९८२चे सटाण्याचे अधिवेशन, यांची पत्रके घराघरांत गाठोड्यांत पिवळी पडत आहेत. आपला इतिहास आपण मांडला नाही तर दुसरे मांडतील, त्यांच्या सोयीने. शरद जोशी आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत उतरण्याआधी बर्नला जागतिक टपाल संघाच्या माहितीशास्त्र विभागाचे प्रमुख होते. संगणक शेतकऱ्याचे काम नव्हे, असे त्यांच्या चळवळीतल्या माणसाने तरी म्हणू नये.

एक इशारा. स्वतःची वेबसाइटही सरकार बंद पाडू शकते. जानेवारी २०२१च्या अखेरीस सिंघू, टिकरी, गाझीपूरला इंटरनेटच तोडले होते. पण त्या शेतकऱ्यांनी डिसेंबर २०२० पासून 'ट्रॉली टाइम्स' छापायला घेतला होता. म्हणून वेबसाइट आली तरी हे छापील पत्रक बंद करण्याचा ठराव कुणी आणला, तर तो हाणून पाडा.

बैठकीत आमचा ठराव असा राहील: नाव संस्थेच्या नावे, किल्ल्या तिघांकडे, खर्च वर्गणीतून, वेबसाइट एक आणि पाने तालुक्यांची, मंडळात निम्मे कोरडवाहूचे. याला हरकत असेल त्याने उभे राहून कारण सांगावे. पण ठराव होण्याआधी कुणीही कुणाच्या भाच्याला फोन लावू नये.