तुकड्यांचें गणित

उंद्री (ता. चिखली, जि. बुलढाणा) येथील एका वडीलधाऱ्या वाचकांचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचे नातू पुण्यास संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. सुट्टींत घरीं आले असतां त्यांनीं सांगितलें कीं, आपण लिहिलेला भाग अवघा चाळीस ओळींचा. बाकीचा सारा दुसऱ्यांचा, व त्यांतील बराचसा आपण पाहिलेलाही नाहीं. “मग हिशेब चुकला तर जबाबदार कोण?” असा पत्रकर्त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. आणि तो त्यांच्या घरच्या पंचांगासही लागू पडतो.

कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचला. आरंभापासूनचे दिवस सलग मोजीत गेल्यास आंकडा फुगतो आणि गुणाकारांत हात चुकतो. म्हणून त्यांनीं ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें अकरा वर्षांचें, एक चक्र पाडलें. झालेल्या चक्रांचा हिशेब वेगळा, उरलेल्या दिवसांचा वेगळा. शिवाय मध्यम ग्रह, स्पष्ट ग्रह, ग्रहण यांचे अधिकार निरनिराळे. ग्रहणाचें गणित करणारा स्पष्ट सूर्यचंद्र आयते घेतो. ते कसे आले हें तेथें पुन्हां विचारीत नाहीं. संगणकवाले ज्यास ‘फंक्शन’ म्हणतात तें याहून फारसें निराळें नव्हे.

यंत्रांच्या आरंभकाळीं तुकडे पाडण्याचें मुख्य कारण काटकसर हेंच होतें. केंब्रिज येथें १९४९ सालीं चालूं झालेल्या ‘एडसॅक’ यंत्रासाठीं नेहमीं लागणाऱ्या कृतींचे तुकडे भोंकें पाडलेल्या कागदी फितींवर तयार ठेवीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पुरें झालेलें ‘टिफ्रॅक’ घ्या: त्याची स्मृति २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एवढ्या जागेंत एकच कृति दोनदां लिहिणें ही चैनच!

जागा वाढली, तरी तुकडे राहिले. कारण मात्र बदललें. १९७२ सालीं डेव्हिड पार्नास यांनीं असें मांडलें कीं, कामाच्या क्रमानें तुकडे पाडूं नयेत. जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव आहे, तो एकेका तुकड्यांत झांकून ठेवावा. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कार्यांत याचें उत्तम उदाहरण सांपडतें. त्यांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं, व १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू झालें. आंतलें गणित पार बदललें, तिथींच्या घटिका बदलल्या; पण तिथि, वार, नक्षत्र, योग, करण हीं पांच अंगें तींच राहिल्यानें पंचांग पाहणाऱ्यास नवें कांहीं शिकावें लागलें नाहीं. अयनांशाचें तसें नाहीं. तो बदलला तरी तिथि हालत नाहीं, कारण ती केवळ सूर्यचंद्रांच्या अंतरावर अवलंबून असते. नक्षत्र, संक्रांत आणि अधिक मास मात्र हालतात. एका घरांत दोन पंचांगें आलीं म्हणजे काय होतें, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस आम्हीं सांगावयास नकोच.

आतां तुकडे इतके बारीक झाले आहेत कीं, मार्च २०१६ मध्यें एका लेखकानें ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचा अकरा ओळींचा तुकडा सार्वजनिक भांडारांतून काढून घेतांच जगांतील हजारों प्रोग्रॅमांची बांधणी अडली. त्याचें काम काय, तर मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणें! आम्हांस हा थोडा आळसच वाटतो.

पत्रकर्त्यांच्या प्रश्नास याहून जवळचें उदाहरण ४ जून १९९६ चें आहे. ‘एरियन ५’ हें अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आंतच नष्ट झालें. दोष ‘एरियन ४’ साठीं लिहिलेल्या तुकड्यांत निघाला. तेथें तो बरोबर चालत होता. नव्या बाणाचा वेग मोठा, म्हणून एक आंकडा सोळा बिटांच्या घरांत मावला नाहीं. लिहिणाऱ्यानें जुन्या बाणापुरतें चोख काम केलें होतें. तो तुकडा नव्या बाणावर पुन्हां न तपासतां बसविणाऱ्यांकडे, आमच्या मतें, जबाबदारी जाते.

तेव्हां नातवांस आमचे दोन प्रश्न कळवावे. घेतलेल्या तुकड्यांच्या आवृत्त्या कोठें नोंदल्या आहेत काय? आणि प्रत्येकांत किती मोठा आंकडा चालतो, हें तपासलें कोणीं? उत्तर आल्यास पुढील अंकीं छापूं.