मळीचा हिशेब, पोटाचा हिशेब

ऊसदर, रिकव्हरी आणि तोडणी-वाहतूक सोडून या पानावर आम्ही पोटाचा विषय काढतो आहोत, याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. पोट आमचेच आहे, त्यामुळे लिहिताना लाजही वाटते. पण अशाच लाजेपायी आम्ही दोन दिवस घालवले आणि ते जिवावर बेतले होते, सबब लिहिणे भाग आहे.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या उसाची शेवटची खेप काट्यावर गेली आणि त्या रात्री टोळीचा मुकादम, ट्रॅक्टरवाले आणि आम्ही रानातच बसलो. मटण होते, आणि मटणाबरोबर जे असते तेही होते. आम्ही रोज घेणाऱ्यांतले नाही, असे वीस वर्षे छातीठोकपणे सांगत आलो होतो. आठवड्यातून तीनदा घेणाऱ्याला आपल्याकडे कोणी पिणारा म्हणत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहाटे बरगड्यांच्या खाली मधोमध कळ उठली ती थेट पाठीत गेली. उताणे पडवेना. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसले की जरा बरे वाटे. उलट्या थांबेनात. घरात सगळ्यांचे एकच निदान, पित्त! सोडा झाला, लिंबू झाले, शेकून झाले, गावात एक इंजेक्शनही झाले. रात्री काय घेतले होते हे त्या डॉक्टरला आम्ही सांगितले नाही, हा दोष आमचा. दुसऱ्या दिवशी सांजच्याला सौ. म्हणाल्या, “अहो, पित्तानं माणूस असा पांढराफटक पडत नाही,” आणि कोणाचेही न ऐकता त्यांनी गाडी बोलावून आम्हाला नाशिकला नेले. रक्तातले लायपेज नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट झाले की डॉक्टर या रोगाचे निदान करतात. आमचे त्याहूनही बरेच पुढे गेले होते. रोगाचे नाव पँक्रिएटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पडलेली, सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीची ग्रंथी. तिला दोन कामे. जेवण पचवणारा रस आतड्यात सोडायचा, आणि रक्तातली साखर आवरणारे इन्शुलिन रक्तात सोडायचे. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर हाही एक रसाचाच प्लांट आहे. तिथला रस मात्र असा जालीम की मांस आणि चरबी विरघळवतो. तो आतड्यात पोचेपर्यंत निद्रिस्त असतो म्हणून आपण जगतो. पित्ताशयातला खडा घरंगळत येऊन नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूने ग्रंथीच्या पेशी बिघडवल्या, तर तो रस आतल्या आतच जागा होतो आणि ग्रंथीलाच पचवू लागतो. खडे आणि दारू ही दोन मोठी कारणे. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी हजाराच्या वर गेली तरी हे घडते. विडी-सिगारेटने हा रोग जडतोही आणि लवकर चिवटही होतो. दारू सोडली म्हणून विडीला मोकळीक मिळाली, असे आमच्यासारखे कोणी समजू नये.

आठ दिवसांनी घरी सोडले. गावात राहिलो तर भेटायला येणारे लोकच पुन्हा बसवतील, अशी सौ.ना भीती. म्हणून आम्हाला बोईसरला धाडले. थोरला मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. विरार सोडले की गाडी वैतरणा स्टेशन घेते आणि पुढे सफाळ्याच्या आधी खाडीवरचे पूल लागतात. आमच्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी, वाटेत धरणांमधून मुंबईची तहान भागवून इथे समुद्राला मिळते. पुलावर मुलगा चेष्टेने म्हणाला, “अण्णा, वैतरणा तर पार केली तुम्ही!” आम्हाला हसू आले नाही. पुराणातली वैतरणी आम्ही नुकतीच जवळून पाहिली होती.

बोईसरच्या दोन महिन्यांत आम्ही जेवायला शिकलो, असे म्हटले तरी चालेल. दारणाकाठचा शेतकरी सकाळी भाकरी खाऊन जातो, दुपारी दोनला पोटभर आणि रात्री नऊला पुन्हा पोटभर जेवतो. आता आम्ही दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खातो. सूनबाईंनी तेल चमच्याने मोजायला सुरुवात केली. महिन्याला माणशी किती तेल जाते हे त्या घरात आधी कोणी मोजलेच नव्हते. मऊ भात, पातळ वरण, तांदळाची भाकरी, वाफवलेला किंवा खोबऱ्याशिवाय कालवणातला मासा, साय काढलेले ताक. तळलेला बोंबील समोर आला तेव्हा डोळ्यांत पाणी आले, आणि ते तिखटाचे नव्हते.

इथे आमच्या हातून उलटी चूक झाली. भीतीपोटी आम्ही तुपाचा थेंब, शेंगदाण्याचा दाणा, सगळेच बंद केले. वजन नऊ किलोंनी उतरले. शौचाला चिकट, तेलकट होऊ लागले. तपासणीला गेलो तेव्हा आहारतज्ज्ञ बाई रागावल्या. ग्रंथीचा रस कमी पडल्यामुळे चरबी पचत नाही, तिच्याबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात, आणि वर तुम्ही उपाशी राहता, मग अंगात राहणार काय? त्यावर उपाय म्हणजे पाचक रसाच्या कॅप्सूल. त्या जेवणानंतर तासाभराने घ्यायच्या नसतात, घासाबरोबरच घ्यायच्या असतात. हे आम्हाला नीट कळायला महिना लागला आणि तोवरचे पैसे पाण्यात गेले. कॅप्सूल नीट घेऊ लागल्यावर बेताचे तूपही पचू लागले.

एक गोष्ट माळकरी सभासदांसाठी स्पष्ट सांगतो. या कॅप्सूलमधला रस बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेला असतो. आम्हाला कळले तेव्हा दोन दिवस घशाखाली गोळी उतरेना. आमच्या गळ्यात माळ नाही, तरीही. ज्यांच्या आहे त्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. गुपचूप गोळ्या बंद करून वाळत जाऊ नये.

बोईसरला शेजारी एक गृहस्थ होते, दिलदार माणूस. एके दिवशी सकाळी तांब्या घेऊन आले. “काका, ताडी आहे, झाडावरची. दारू नाय ही. पोटाला थंड असते.” पालघर पट्ट्यात ताडी-माडीचे स्थान आपल्याकडच्या रसवंतीसारखे आहे, नाही म्हणणे जड जाते. पण पहाटेची गोड नीरा दिवस चढेल तशी आंबते, आणि आंबली की तिच्यात तेच द्रव्य येते जे बाटलीत असते. ताड, मोह, ऊस, द्राक्ष, उगम कोणताही असो, स्वादुपिंडाला जातीचा दाखला लागत नाही. एकदा झटका आलेल्याने थेंबही घ्यायचा नाही, असे आम्हाला डॉक्टरांनी बजावले होते. “जरा कमी करा” असे ते म्हणाले नव्हते. आम्ही तांब्या परत केला. शेजारी थोडे नाराज झाले. असो.

त्याच इमारतीत एक ताई होत्या. आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी पित्ताच्या खड्याने त्यांना हाच रोग झाला. पित्ताशय काढल्यावर त्या बऱ्या झाल्या. पण नात्यातल्या लोकांनी रोगाचे नाव ऐकून त्यांच्याकडे आणि त्यांच्या यजमानांकडे ज्या नजरेने पाहिले ते विसरता येत नाही, असे त्या म्हणाल्या. केरळात तर दारू न पिणाऱ्या, तरुण, गरीब लोकांत ग्रंथीत खडे होऊन मधुमेह जडवणारा एक प्रकार आढळतो. डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात त्याचा मोठा अभ्यास केला. तेव्हा या रोग्याला पाहून लगेच “घेत असणार” म्हणू नये. आमच्यापुरते मात्र म्हणायला हरकत नाही.

आता साखर. दुखण्यानंतर वर्षाने आम्हाला मधुमेह निघाला. ग्रंथीचे दुसरे खातेही बुडीत निघाले म्हणायचे. दिवाळीला सभासदांना मिळणारी सवलतीची साखर उचलायला आम्ही पिशवी घेऊन रांगेत उभे राहतो, आणि ती साखर आमच्या घरी आता पाहुणेच खातात. गुऱ्हाळावर जातो, काकवीचा वास घेतो आणि परत येतो. लग्नात पंगतीला बसले की वाढपी आग्रह करतो, व्याही रुसतात. “एका जिलेबीनं काय होतं?” या प्रश्नाला उत्तर देता देता पंगत उठते. आता आम्ही घरूनच जेवून जातो आणि आहेर देऊन निघतो. लोक शिष्ट म्हणतात. म्हणोत.

हे सारे कारखान्याच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. कारण सांगतो. आपल्या उसाची साखर काढल्यावर मळी उरते. मळी म्हणजे मोलॅसिस, खताची प्रेसमड नव्हे. ती आपल्या आसवनीत जाते. तिच्यातून गाडीच्या पेट्रोलसाठी इथेनॉल निघते आणि पिण्याच्या दारूसाठी स्पिरिटही निघते. त्या स्पिरिटाची देशी बाटली होऊन आपल्याच गावच्या दुकानात येते. आसवनीचा नफा उसाच्या बिलात आला की आपण टाळ्या वाजवतो, आम्हीही वाजवल्या आहेत. तोच पैसा आम्ही एका आठवड्यात नाशिकच्या रुग्णालयात मोजून आलो. कारखान्याने एका हाताने दिले आणि आम्ही दुसऱ्या हाताने घालवले. यात कारखान्याने आमच्या तोंडात बाटली ओतली असे आमचे म्हणणे नाही. बाटली आमच्याच हातात होती.

आसवनी बंद करा, असेही आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा सभेत हसण्यावारी जातो, आणि ते बरोबरही नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा आपली धावपळ झाली होती, ते पुढच्या हंगामासाठी उठलेही. म्हणजे मळीला दारूखेरीज दुसरी वाट आहे. आमचे मागणे एवढेच, की वार्षिक अहवालात आसवनीच्या पानावर एक ओळ वाढवावी. एकूण उत्पादनापैकी किती लिटर इंधनासाठी गेले आणि किती लिटर पिण्याच्या दारूसाठी? आज एकच बेरीज छापून येते. मालकाला आपल्या मालाची वाट माहीत असावी, आणि आपण तर भागधारक मालक आहोत.

दुसरे मागणे आरोग्य शिबिराचे. डोळे आणि रक्तदाब तपासून फोटो काढला की शिबिर संपते. त्यात पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातल्या चरबीची तपासणी घालावी. पित्ताशयातले खडे आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड आधी कळले तर काहींचे दुखणे टळेल. तोडणी कामगारांनाही त्यात घ्यावे. थंडीत पहाटे कोयता चालवणारा माणूस अंगात ऊब यावी म्हणून काय घेतो, ते आपण सगळे जाणतो. हे काम कारखान्याचे नव्हे, असे कोणी म्हणू नये. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, आणि त्याच परिसरात लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आपण निदान एक सोनोग्राफीचे यंत्र चार दिवस भाड्याने आणू शकतो.

तिसरे मागणे लहान आहे, पण तेच सर्वांत अवघड जाईल असे वाटते. मोळीपूजनाच्या आणि हंगाम सांगतेच्या रात्री गेस्ट हाऊसमागे जे बसणे होते ते बंद व्हावे. तिथे कोण कोण असते हे आम्ही लिहीत नाही, कारण पहिले नाव आमचेच लिहावे लागेल.

सभा सप्टेंबरअखेरीस आहे. ठराव आम्ही लेखी दिला आहे, सूचक म्हणून सही केली आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे. दुपारी आम्ही सभामंडपाच्या मागच्या बाजूला डबा घेऊन बसलेले असू. ज्यांना सही करायची असेल त्यांनी तिथे यावे. डब्यात भाकरी आणि दुधी असेल, वाटून खाऊ.